अमेरिकेहून आलेली मोट

१४ डिसेंबर १९७३

आली एकदाची. औषध आणलं नाही!

पाच वर्षांनी पोरगी अमेरिकेहून येते. मी किती वेळा कळवलं होतं — दीना, बाबांची वाचा गेली, तिकडं काही गोळी, इंजेक्शन असेल तर घेऊनच ये. आणलं काय? एक डबा. काळा, पट्ट्याचा, विटेपेक्षा थोडा मोठा, वर बटणं. मी म्हटलं ह्यात आहे का औषध? तर म्हणते, "नाही आई, ह्यात गाणं आहे."

गाणं!

केस मानेपर्यंत कापलेत. शेवगावच्या स्टँडवर मी ओळखलंच नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीला हाक मारत होते.

हे ओट्यावर बसले होते. तिला बघून डावा हात वर केला, उजवा तर काय उठतच नाही. "आता," म्हणाले. "आता, आता, आता." ती मिठी मारून रडायला लागली. मी म्हटलं रडू नको, तेवढा एकच शब्द उरलाय त्यांच्यापाशी. पाणी पाहिजे, आता. भाकरी नको, आता. मीसुद्धा आता.

१५ डिसेंबर

कुणी म्हणेल ही चौथी शिकलेली बाई लिहीत काय बसते. भांडायला माणूस नाही म्हणून लिहिते. एकतीस वर्षं ह्यांच्याशी भांडले, रोजचं रोज, उधारी नाही ठेवली. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडाला बांधावर कोसळले, तोंड वाकडं झालं, अन् माझं भांडण एकतर्फी झालं. मी बोलते, ते आता म्हणतात. त्याला काय भांडण म्हणायचं?

नगरचा डॉक्टर म्हणाला, कानाला ऐकू येतं, डोक्याला कळतं, फक्त शब्दाची वाट बुजली. मोकळी होईल का? "देवाला माहीत." ते मलाही माहीत होतं, त्याच्यासाठी नगरला जायला नको होतं.

१६ डिसेंबर

आज लावला तो डबा.

देवा! आधी नुसता खरखराट, राखेनं पातेलं घासल्यासारखा. मग घुंई-घुंई. मग एक सूर निघाला, ना बाईचा ना बाप्याचा. चढत गेला, चढत गेला, अन् खाली सोडला. पुन्हा चढला. मी भाकरी थापत होते, हात तसाच राहिला. चाल ओळखीची होती!

मोटेची चाल. ह्यांची.

पाखऱ्या भाऊ, चल उताराला,
तहान लागली माझ्या शिवाराला —

शब्द नव्हतेच त्यात, नुसती चाल. पण आमच्या विहिरीवर वीस वर्षं ऐकलेली, मी झोपेतसुद्धा ओळखीन. बैल धावेवरून उताराला लागले, मोट वर यायला लागली, की हे नाड्यावर बसून हेच म्हणायचे. आता विहिरीवर इंजन आलंय. इंजन मीच घ्यायला लावलं अन् बरं केलं. मोटेचं कौतुक गाणाऱ्याला, पाटात गुडघाभर चिखलात मी उभी असायची.

मधेच डबा बंद पडला. मी म्हटलं बिघडला, सुटलो. तर जरा वेळानं पुन्हा सुरू!

अन् ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी जाऊन खटकन बटण दाबलं, भलतंच दाबलं, तर आवाज आणखी मोठा झाला. दीनानं बंद केला. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच लिहिते — ज्याचा गळा गेला त्याच्यापुढं त्याचंच गाणं मशीनकडून म्हणवून घ्यायचं, ही कुठली रीत? लंगड्यापुढं कुणी नाचतं का?

ती म्हणाली, "मला वाटलं बाबांना आनंद होईल."

वाटलं! शिकलेल्यांना वाटतंच फार.

१८ डिसेंबर

माझ्याशी बोलत नव्हती. आज शेंगा फोडता फोडता बोलली. मीच विचारलं, ते गाणं म्हणतं तरी कोण? आत बाई आहे का बाप्या?

कोणीच नाही. म्हणे चर्चच्या मोठ्या खोलीएवढं मशीन असतं, त्याला गार हवा लागते. त्याला गळा नाही अन् कानही नाही, त्याला फक्त आकडे कळतात. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून आकडे द्यायचे. सूर किती उंच, किती लांब, किती जोरात. गाण्याच्या एका ओळीला खोकाभर पट्ट्या. मशीन तासन्‌तास आकडेमोड करतं, मग दुसऱ्या मशीनवर त्या आकड्यांचा आवाज होतो. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या करते. सुट्टीच्या दिवशी मशीन रिकामं असतं, तेव्हा हे.

"म्हणजे तू तिकडं भोकं पाडतेस."

"हो आई."

"त्यासाठी नगर, मग पुणं, मग अमेरिका? भोकं पाडायला रांजणगावचा सुतार पुरला असता."

हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, हे काम सुरू करणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी. एक मॅथ्यूज म्हणून साहेब, टेलिफोनच्या कंपनीतला. त्यानं सत्तावन्न साली मशीनकडून पहिल्यांदा सूर काढले. किती? सतरा सेकंद. मी म्हटलं, म्हणजे बायबलातला मत्तयच की आपला! पण सतरा सेकंदात माझी चूल पेटत नाही. दुसरा एक फ्रान्सचा, रिसे म्हणून. तो मशीनला आमच्या तुतारीसारखं एक वाद्य वाजवायला शिकवत बसला.

मी म्हटलं, आमचा गुरव दोन भाकरीवर वाजवतो.

"तसं नाही गं. मशीनची तुतारी आधीही वाजायची, पण मेल्यासारखी. ह्यानं खऱ्या तुतारीचा एक-एक सूर फोडून बघितला. जोरात फुंकलं की सूर नुसता मोठा होत नाही, त्याला धार चढते. मशीनला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर तुतारी जिवंत झाली. लोक हसायचे त्यांना आई. ह्याला काय संगीत म्हणायचं, म्हणायचे. तिकडंसुद्धा."

"तू सांगितलंस का तुझ्या मशीनला, बाबा कसं म्हणायचे?"

"आठवेल तेवढं सांगितलं."

सातवीपर्यंतच तर ऐकलं तिनं. नंतर बोर्डिंगात. रेकॉर्ड नाही, काही नाही, नुसत्या आठवणीवर भोकं पाडली. बरं. पण त्यानं माझ्या नवऱ्याच्या जिभेला काय उपयोग? ते नाही विचारलं. शेंगा उचलून आत गेले.

२० डिसेंबर

नाताळाच्या करंज्या. रंगुबाई मदतीला आली, शेजारची. मदत कसली, चौकशीला!

"काय गं मेरे, पोरगी अमेरिकेत मोट हाकती म्हनं?"

"हाकती की."

"बैलं कुटली गं तितली?"

"तुझ्यासारखीच, रिकामी फिरणारी."

हसली मेली, लाटणं ठेवून हसली. मग म्हणाली, "एलियाभाऊ काय म्हन्ले ऐकून?" एलियाभाऊ म्हणजे आमचे हे. मी कढईत करंजी सोडली. तिनं पुढं विचारलं नाही. तेवढी अक्कल आहे तिला.

मेरी. सगळ्यांची मी मेरी. लग्नाआधी पाळकांनी पाणी शिंपडून नाव बदललं, मेरीबाई केलं. माहेरचं नाव गोजर. माहेरचं कुणी उरलं नाही. ते नाव एकाच तोंडात राहिलं होतं, ते तोंड आता आता करतं.

करंज्या फुटल्या दोन तेलात. लक्ष नव्हतं.

२५ डिसेंबर

आज काय काय व्हायचं ते झालं!

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले — दानीएल पाळक, नवीन आहेत, बोलतात गोड — आपली दीनाताई परदेशातून आली, एक भजन म्हणेल. हिनं म्हणायचं ना? पेटी होती, तबला होता. पण नाही! पिशवीतून डबा काढला अन् नेऊन कुठं ठेवला तर प्रभुभोजनाच्या मेजावर! जिथं भाकर अन् प्याला ठेवतात तिथं! पंचांनी असा उचलला जसा विंचू उचलावा, अन् खिडकीत ठेवला. मी जमिनीत गेले.

लावला. घुंई-घुंई. पोरं फिदीफिदी. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारा म्हणाला, "दळणाची चक्की हाय व्हय?" मग चाल सुरू झाली तशी मागची चारदोन म्हातारी माणसं मान हलवायला लागली. ओळखली त्यांनी! ह्यांच्या मोटेला शेजारच्या मळ्यातली माणसं काम थांबवायची. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

अन् तिथंच तो मधला बंद पडण्याचा प्रकार. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या. पाळकसाहेबांनी हात जोडून प्रार्थना सुरू केली — "हे दयाळू स्वर्गीय पित्या" — अन् खिडकीतून डबा पुन्हा सुरू! घुंऽऽ! पाळकसाहेब दचकले, चष्मा पडला. सगळं चर्च हसलं, पंचसुद्धा.

बाहेर पाळकसाहेब मला म्हणाले, "मेरीबाई, मुलीला समजवा. यंत्राला आत्मा नसतो. देवाच्या घरात असलं नको."

घरी मी तिला हेच म्हणणार होते. शब्दाला शब्द हेच! पण त्यांच्या तोंडून आलं अन् माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या भोंग्याला आत्मा आहे का पाळकसाहेब? दर रविवारी त्याच्यातूनच ओरडता ना?" सगळ्यांसमोर. अन् ह्यांचा हात धरून चालू लागले.

वाटेत दीना म्हणाली, "आई, तू माझ्या बाजूनं बोललीस."

म्हटलं मी कुणाच्या बाजूनं बोलले नाही. मला राग आला होता.

२६ डिसेंबर

अजून आहे राग.

१ जानेवारी १९७४

नवीन वर्ष. ह्यांना म्हटलं, नवीन वर्षाचं काहीतरी बोला. "आता."

५ जानेवारी

पाहुणे, पाहुणे, पाहुणे. सगळ्यांना अमेरिका ऐकायची. तिथं भाकरी मिळते का, गोऱ्या बाया कशा असतात. तिच्या गाण्याचं कुणी विचारत नाही. विचारलं तर डबा बघतात, बटणं दाबून बघतात, हसतात अन् हुरडा खातात. ती समजावते, पट्ट्या, आकडे. ऐकणाऱ्याचे डोळे कणसावर.

मला काय. पण एकानं म्हटलं, "म्हंजी रेडू," तेव्हा मीच बोलले, "रेडिओ नाही! रेडिओत माणूस बोलतो. ह्यात कुणी बोललेलंच नाही, हे तिनं घडवलं." दीना बघतच राहिली. मी म्हटलं, हुरडा संपला, उठा.

९ जानेवारी

परवा जाणार. आज फुटलंच भांडण.

मी म्हटलं, घेऊन जा तो डबा. म्हणाली, बाबांसाठी ठेवते. मी म्हटलं, बाबांना काय मेलेलं गाणं ऐकवायचं? वर बिघडलेलं! मधेच बंद पडतं, चर्चमध्ये शोभा झाली.

"बंद पडत नाही आई. ती जागा मी ठेवलीय."

"कशाला?"

"तिथं बाबा थांबायचे. मोट थारोळ्यात रिकामी झाली की गाणं सोडून ओरडायचे. आठवतं ना?"

आठवतं ना! मला विचारते! मी खाली वाफ्याच्या तोंडाशी, खोरं घेऊन. वाफा भरला की मातीचं दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. ह्यांना वरून दिसायचं भरलेलं. भरायच्या आधीच ओरडायचे — "गोजरे! दारं मोड! झोपली काय!" दर मोटेला! साऱ्या शिवाराला ऐकू जायचं. रस्त्यानं जाणारे मलाच म्हणायचे, काय वैनी, झोपलात काय? पोटुशी असताना ओरडले, ताप असताना ओरडले. गाणं बैलांना, आरोळी मला!

"मशीनकडून ती आरोळी काढून बघितली," दीना म्हणाली. "किती महिने बसले. नाही जमली. माणसाचा गळा तिकडं अजून कुणालाच धड जमत नाही. म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली. तिकडच्या लोकांनी विचारलं, इथं शांत का? मी म्हटलं, इथं माझे वडील माझ्या आईला हाक मारतात."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. म्हटलं, हाक? त्याला हाक म्हणतात? जन्मभर ज्याच्यापायी चारचौघांत मान खाली घातली, त्याला तू अमेरिकेत पाट मांडून जागा दिलीस? गोऱ्यांपुढं? अन् औषध आण म्हटलं तर गाणं घेऊन आलीस! बापाची जीभ हलेल असं काही आणायचं सोडून भोकं पाडत बसलीस!

 ती म्हणाली, "मी विचारलं होतं आई. तीन डॉक्टरांना. त्यांच्याकडं गोळी नाही. इंजेक्शन नाही. कुणाकडंच नाही."

आधी का नाही सांगितलं? म्हणे, तू वाट बघत होतीस.

११ जानेवारी

गेली. एस.टी.च्या खिडकीतून हात. मीही केला, रागातच.

डबा ठेवून गेली. सेल पण ठेवून गेली, पिशवीभर.

१४ जानेवारी

रंगुबाईला म्हटलं, घेऊन जा हा डबा, तुझ्या पोरांना खेळायला. हे खाटेवरून उठले! काठी टाकून, भिंतीला धरून आले अन् डावा हात डब्यावर ठेवला. "आता!" असे ओरडले की रंगुबाई दारातच थांबली.

"ऱ्हाऊ दे बाई," म्हणाली. "मला न्हाई पायजे. मालक चावतील."

१६ जानेवारी

बटण दाबायला शिकले डाव्या हातानं. दिवसभर तेच. संपलं की मागं फिरवायचं अन् पुन्हा. डोकं उठलं माझं. सेल काढून पिठाच्या डब्यात लपवले. तर जेवले नाहीत. दुपारीही नाही, सांजेलाही नाही. मी म्हटलं उपाशी मरा.

१७ जानेवारी

घातले सेल. पीठ पुसून.

२० जानेवारी

घाईनं लिहितेय, अक्षर बघू नये.

उपासनेहून आले. हे विहिरीवर, थारोळ्याच्या कठड्यावर, डबा मांडीवर. रोजच्यासारखं "आता आता" चाललेलं, पण चालीवर. मी म्हटलं चला, आताचंही गाणं झालं. पाणी प्यायला तांब्या उचलला, अन् डबा चढावरून खाली आला, अन् त्यांच्यासोबत — स्वच्छ — "उताराला."

तांब्या पडला.

पुन्हा लावलं मी. माझ्या हातानं! पुन्हा म्हणाले. पाखऱ्या अर्धा, भाऊ नाही, पण उताराला पूर्ण. शिवाराला पूर्ण!

मी समोर बसले. म्हटलं, भाकरी म्हणा. "आता." पाणी म्हणा. "आता." दीना म्हणा. माझं नाव म्हणा. "आता." डोळ्यातून पाणी काढून, "आता."

डबा लावला की उताराला.

इतका राग आयुष्यात आला नाही. मी भरवते, मी न्हाऊ घालते, सव्वा वर्ष झालं रात्रंदिवस बोलते त्यांच्याशी — मला एक शब्द नाही, अन् आत्मा नसलेल्या मशीनला गाणं! मशीनला कान नाही, दीनानंच सांगितलं. कान असलेली बाई समोर बसलीय!

अन् ती मोकळी जागा आली की गप्प. ओठ हलतात नुसते. वाफ्यांकडं बघत बसतात. मग डबा पुढं जातो, तेही त्याच्याबरोबर पुढं.

२१ जानेवारी

आजही तसंच. जागा आली, ओठ हलले, गेली.

मी बोलत नाही त्यांच्याशी.

२३ जानेवारी

गव्हाला पाणी. इंजन लावून खाली गेले, खोरं घेऊन उभी. वर ह्यांचा डबा चालूच. माझं लक्ष नव्हतं, पाळकसाहेबांना रविवारी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

"गोजरे! दारं मोड! झोपली काय!"

"झोपले नाही!" मीही ओरडले.

वाफा खरंच भरला होता.